रविवारचा अहवाल

शाल्मली आठ वर्षांची होती तेव्हा
स्वयंपाकघरातल्या जाडजूड कॉम्प्युटरला
मी कुलूप घातलं.
हॉस्पिटलातल्या मॅगीनं कागदावर लिहून दिलं होतं:
इथे जा, मग इथे, मुलाचं वय टाक,
आणि चहा ठेव, वेळ लागतो.

पहिल्याच संध्याकाळी कुलपानं अडवलं
आमच्याच गावाचं नाव.
स्कन्थॉर्प. स्पेलिंगच्या पोटात
चार अक्षरांची एक शिवी दडून बसलेली,
मला दहा वर्षांत दिसली नव्हती.
पोलादाच्या कारखान्यावरचा तिचा गृहपाठ
मग मी तोंडी सांगितला, तिनं हातानं लिहिला,
आणि खिडकीबाहेर भट्टीवरचं आभाळ
कुणाला न विचारता लाल होत राहिलं.

साडेआठला स्क्रीन काळा.
वाक्य अर्धं असो, नाहीतर गोष्ट.
"आई, दोनच मिनिटं!"
मी म्हणायची, माझ्या हातात नाही गं,
ते आपोआप बंद होतं.
खोटं. माझ्याच हातात होतं.

आणि रविवारी सकाळी यायचा अहवाल.
चहात आलं किसून
मी वाचायची तिचा आख्खा आठवडा:
हॅमस्टर किती जगतात.
केस सरळ कसे करायचे.
नॉर्वे.
नॉर्वे, पुन्हा नॉर्वे.
आणि ती बारा वर्षांची असताना, एका मार्चमध्ये:
एक्स-रेचे किरण आईच्या कपड्यांना चिकटून घरी येतात का.

मी एक्स-रे विभागात.
नाही येत गं, एवढंच सांगायला निघाले
आणि अर्ध्या जिन्यात थांबले.
ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं
की मी वाचते.
सोमवारपासून मी पोर्चमध्येच,
बुटांच्या कपाटाआड कुडकुडत
कपडे बदलून घरात यायला लागले.
कुणी काही विचारलं नाही.

परवा तिला सोळावं लागलं. म्हणाली, आता काढ.
काढणं घालण्यापेक्षा अवघड निघालं.
पासवर्ड आठवेना. खुणेचा प्रश्न आला:
तुमच्या पहिल्या बाईंचं आडनाव?
वाईच्या शाळेतल्या क्षीरसागर बाई,
त्यांना इंग्रजीत कशा बसवल्या होत्या मी?
के एस एच. चूक.
एक्स. चूक.
शेवटी दोन ए. चूक.
पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.

दोघी स्टुलांवर.
"तुला काय काय दिसायचं?"
"विशेष काही नाही."
"रविवारचं मला माहीत होतं. दहाव्या वर्षापासून."
टेबलावरचा मिठाचा खडा नखानं ढकलत म्हणाली,
"काही काही तर मी तुझ्यासाठीच टाइप करायचे.
तोंडानं विचारता आलं नसतं, असलं."
"कुठलं?"
ती हसली. "ओळख."

नॉर्वे? केस? हॅमस्टर तर नक्की नाही.
आणि पोर्चमधले ते कपडे?
जिन्याच्या वरच्या पायरीवर
उभी असायची का ती तेव्हा,
कोटाच्या चेनचा आवाज ऐकत?

मग एकदम आठवलं,
पहिल्या दिवशी बाईंनी नाव कसं लांबवून सांगितलं होतं.
क्षीरऽसागर. मध्ये एक ए जास्त.
कुलूप उघडलं. खात्री आहे का, असं विचारलं.
होय आणि नाही, दोन चौकोन शेजारी शेजारी.
शाल्मली मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिली.

आज रविवार. मेलमध्ये
दातांच्या डॉक्टरांची आठवण, पडद्यांवर सवलत,
बाकी काही नाही.
रात्रपाळीहून आले होते. पोर्चमध्ये कोट काढता काढता
मी वरच्या दिशेनं ओरडले,
"शाल्मली, नाही येत गं ते कपड्यांना चिकटून!"

बराच वेळ काहीच नाही.
मग वरून, झोपाळलेला आवाज:
"माहितेय. तरी बदल."